न केलेली सही

१६११ साली, नवव्या चांद्रमासाच्या १९ तारखेला, जपानच्या दक्षिण टोकाला कागोशिमात एका पराभूत राजापुढे शपथपत्र ठेवलं गेलं. राजाचं नाव शो नेई. आज आपण ज्यांना ओकिनावाची बेटं म्हणतो, तिथल्या र्‍युक्यू राज्याचा तो राजा. दोन वर्षांपूर्वी सात्सुमाच्या शिमाझु घराण्याने त्याचं राज्य जिंकलं होतं आणि त्याला सोबत नेलं होतं. शपथपत्राचा आशय असा : र्‍युक्यू प्राचीन काळापासून शिमाझुंचं अंकित आहे, मधल्या काळात आम्ही कर्तव्यात कसूर केली म्हणून शिक्षा झाली, आता आपण दया करून आम्हाला घरी पाठवत आहात, हे उपकार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विसरणार नाही. राजाने ते मान्य केलं. मंत्र्यांनीही आपलं वेगळं शपथपत्र लिहून दिलं. एका मंत्र्याने मात्र नकार दिला. तो जाना वेकाता रिझान. वय बासष्टच्या आसपास. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला.

मी इतिहास शिकवते. या माणसावर लिहायला घेतलं आणि कच्चं टिपण मामांना वाचायला दिलं. मामा महसूल खात्यात तहसीलदार होते, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. राजेरजवाड्यांपेक्षा त्यांच्या कारभार्‍यांत त्यांना जास्त रस. टिपण वाचून ते म्हणाले, माणूस चुकीचा निवडलास. तिथून जे बोलणं झालं ते इथे देते आहे.

मामा : तुझा जाना शूर होता, मान्य. पण राज्य बुडवून मग शूर झाला. तीन हजारांची फौज शंभरेक जहाजांतून त्यांच्या दारात का आली, हे तू दोन ओळींत उरकलंस. मान उडवली ते मात्र दोन पानं.

मी : फौज एकट्या जानामुळे आली नाही, मामा. त्याची सुरुवात वीस वर्षं आधीची आहे. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वारी करायचं ठरवलं, तेव्हा शिमाझुंमार्फत र्‍युक्यूकडे मागणी आली : सात हजार माणसांना दहा महिने पुरेल एवढं धान्य द्या. एवढीशी बेटं, त्यात वादळं ठरलेली. त्यांनी जमेल तेवढं दिलं, पुरतं देता आलं नाही. पुढे १६०२ मध्ये र्‍युक्यूचं एक जहाज भरकटून थेट उत्तरेला सेंदाईच्या किनार्‍याला लागलं. हिदेयोशीनंतर जपानची सत्ता हाती घेतलेल्या तोकुगावा इएयासूने त्यातल्या लोकांना सुखरूप परत पाठवलं आणि आभाराचा दूत येण्याची वाट पाहिली. दूत गेला नाही.

मामा : हेच म्हणतोय मी. आभाराचा एक दूत पाठवायला काय जात होतं? चार माणसं, चार ताटं भेटी आणि एक गोड पत्र. सरकारी नोकरीत निम्मी संकटं एका पत्राने टळतात.

मी : त्या पत्राचा अर्थ दोन्ही बाजूंना माहीत होता. दूत गेला की तुम्ही हाताखालचे झालात. र्‍युक्यूचे राजे १३७२ पासून चीनच्या मिंग सम्राटाला नजराणे पाठवत होते. नवा राजा गादीवर बसला की चीनहून दूत येऊन त्याला मान्यता देत. शो नेई १५८९ ला गादीवर आला, त्याला ही मान्यता मिळाली १६०६ मध्ये. सतरा वर्षं वाट पाहिली त्याने. त्याच वर्षी जाना मंत्री झाला आणि त्याच वर्षी इएयासूने शिमाझुंना स्वारीची परवानगी दिली. तुम्ही म्हणता ते पत्र या सगळ्याच्या मध्ये लिहायचं होतं.

इथे मामांनी मला थांबवलं आणि आधी त्या राज्याची दप्तररचना सांगायला लावली. सेवाज्येष्ठता कळल्याशिवाय त्यांना माणूस कळत नाही. ते मला पटतं, म्हणून ते इथेच सांगते. र्‍युक्यूच्या दरबारात राजपुत्र आणि त्यांच्या खालचे सरदार सोडले, तर सर्वांत वरचा हुद्दा वेकाताचा. त्याच्या डोक्याला जांभळी पगडी, त्याच्या खालच्या पेचिन हुद्द्याच्या माणसाला पिवळी. कोण किती वरचा हे रस्त्यात लांबूनच कळावं, अशी सोय. हुद्द्याबरोबर एखादं गाव नेमून दिलं जाई आणि माणूस त्या गावाच्या नावाने ओळखला जाई. ‘जाना’ हे त्याच्या जहागिरीचं नाव. चीनशी पत्रव्यवहार करताना तोच माणूस ‘तेई दो’. राज्याचा रोजचा कारभार तीन मंत्र्यांच्या मंडळाकडे असे, त्याला सानशिकान म्हणत. त्या तीन जागा शुरी या राजधानीतल्या जुन्या घराण्यांच्या हक्काच्या मानल्या जात.

जाना त्या घराण्यांतला नव्हता. तो कुमेमुराचा. नाहा बंदराला लागून असलेली ही वस्ती चिनी वंशाच्या लोकांची. परंपरा सांगते की १३९२ मध्ये फूजियानहून छत्तीस कुटुंबं आली, त्यांचे हे वंशज. चिनी कागदपत्रं लिहिणं, दुभाषाचं काम, जहाजांचं दिशादर्शन, दूतमंडळाबरोबर जाणं, हे सगळं त्यांच्याकडे. जाना सोळा वर्षांचा असताना, १५६५ मध्ये, राज्याच्या खर्चाने चीनला शिकायला गेला आणि शाही विद्यापीठात काही वर्षं राहिला. तिथून येऊन वस्तीचा प्रमुख झाला आणि शेवटी सानशिकान. कुमेमुराचा माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला होता.

मामा : म्हणजे परराष्ट्र खात्याचा माणूस मुख्य सचिव झाला. आता मला तुझा जाना नीट दिसला. सगळा जन्म एकाच टेबलावर गेलेला. त्याच्या वस्तीचं पोट चीनच्या व्यवहारावर, त्याचं शिक्षण चीनचं, त्याची भाषा चीनची. त्याला जपानचा धोका दिसणार कसा? त्याला वाटलं असणार, मिंग सम्राट येईल धावून.

मी : वाटलं असेल. कागोशिमात कैदेत असतानाही त्याने मिंग दरबाराकडे मदतीसाठी गुप्त पत्र धाडायचा प्रयत्न केला. ते पत्र मध्येच अडवलं गेलं.

मामा : आणि पोहोचलं असतं तरी कोण येणार होतं? कोरियाच्या युद्धात १५९२ ते ९८ चीनची तिजोरी रिकामी झाली होती, हे तुझ्याच टिपणात आहे. विद्यापीठात शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये?

मी : त्याचा अंदाज चुकला, हे मी नाकारत नाही. लढाईतही चुकला. नाहाच्या बंदराच्या तोंडाशी दोन गढ्या होत्या, याराझामोरी आणि मिए. जानाने आपली माणसं तिथे उभी केली, कारण शत्रू समुद्रातून येणार हे उघड होतं. शत्रू आला खरा समुद्रातून, पण उतरला उत्तरेला. अमामीची बेटं घेत घेत उन्तेनला लागला, नाकिजिनचा किल्ला घेतला, मग योमितानजवळ उतरून जमिनीवरून चालत आला. वाटेत उरासोए जाळलं. जपानमध्ये शंभर वर्षं आपसात लढून तयार झालेले बंदूकधारी ते. चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला शुरीपर्यंत पोहोचले आणि तीन दिवसांनी राजा किल्ल्यातून खाली उतरला.

मामा : बंदराकडे तोंड करून बसलेला माणूस आणि शत्रू पाठीमागून. सगळ्या जन्माचंच चित्र आहे हे.

मी : किआनही जवळजवळ हेच म्हणतो.

हा किआन मूळ जपानमधल्या साकाई शहराचा, चहाविधीचा जाणकार. १६०० च्या सुमारास र्‍युक्यूला आला आणि राजाच्या मर्जीतला झाला. राजाबरोबर तोही कागोशिमाला गेला. तिथून राजाला पुढे सुनपुला इएयासूसमोर आणि एदोला शोगुन हिदेतादासमोर उभं करण्यात आलं. वाटेत सुनपुला राजाचा धाकटा भाऊ शो को आजारी पडून वारला. त्याची कबर तिथेच, ओकित्सुच्या सेईकेन देवळात आहे. या सगळ्या काळाची किआनची रोजनिशी उपलब्ध आहे, आणि या संकटाचं खापर ती जानाच्या डोक्यावर फोडते.

मामा : प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार आहे तो. तुला साक्षीदार आवडत नाही, कारण तो तुझ्या माणसाविरुद्ध बोलतो.

मी : साक्षीदार कुणाचा, तेही बघायला हवं. जपानमध्ये जन्मलेला, राजाचा खास माणूस. राजाला दोष देता येत नाही, सात्सुमाला तर नाहीच. उरतो कोण? जो मेला आहे आणि ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, तो.

मामा : बरं, आता माझ्या माणसाचं बोलू. हानेजी चोशू. तू त्याला एका परिच्छेदात गुंडाळलंस.

हानेजीचा जन्म १६१७ चा, जानाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांचा. राजघराण्याच्या शाखेतला. १६६६ मध्ये तो राज्याचा सेस्सेई, म्हणजे मंत्र्यांच्याही वरचा प्रधान झाला आणि १६७३ पर्यंत राहिला. त्याच्या हातात आलेलं राज्य कसं होतं, ते मामांनी मला माझ्याच टिपणातून वाचून दाखवलं. १६११ मध्ये सात्सुमाने वर्षाचा जो वसूल लावला, त्याची यादी अशी : केळीच्या सोपाच्या तंतूंचं कापड ३,००० ठाण, रॅमी या झाडाच्या तंतूंचं तलम कापड ६,०००, जाडंभरडं १०,०००, चटया ३,८००, बैलांची कातडी २००. शिवाय दोर, कापूस, रॅमीचा कच्चा धागा. अमामीची बेटं कायमची काढून घेतली. पंधरा कलमांचा हुकूम दिला : आमच्या परवानगीशिवाय चीनकडून माल मागवायचा नाही, आमचा शिक्का नसलेल्या व्यापार्‍याशी व्यवहार करायचा नाही, दुसर्‍या संस्थानाला जहाज पाठवायचं नाही, धान्य मोजायचं तेही क्योतोच्या मापाने.

मामा : हे कुणी निभावलं? जाना तर गेला, सुटला. तलम कापडाची सहा हजार ठाणं कुणाच्या तरी बायकांनी विणली, कुणी तरी मोजली, कुणी तरी जहाजात चढवली. पंचावन्न वर्षांनी हानेजीने खुर्चीवर बसून बघितलं तेव्हा सरदार चैनीत, शेतकरी वेठीला, आणि कारकुनाला धड हिशेब येत नाही. त्याने काय केलं? अधिकार्‍यांनी शेतकर्‍यांकडून फुकट कामं करून घेण्यावर बंधनं आणली. पडीक जमीन जो फोडेल त्याला ती ठेवायला दिली. लग्नाकार्याचा, मर्तिकांचा खर्च छाटला. आणि हुकूम काढला की लेखन, गणित, वैद्यक, घोडेस्वारी, स्वयंपाक, चहाविधी, गाणं यांतलं काही तरी एक ज्याला येत नाही, तो कितीही मोठ्या घरचा असो, त्याला नेमणूक नाही. आपल्याच नातेवाइकांना सांगितलं हे त्याने. जांभळ्या पगड्यांना सांगितलं, की काम शिका.

मी : मामा, तुम्ही त्याच्या प्रेमातच पडलात.

मामा : पडलोच. कारण त्याला वाटेल तसं जगायची मुभा नव्हती आणि तरी त्याने लोकांसाठी जागा काढली. तुझ्या जानाने एक दिवस हिंमत दाखवली. याने सात वर्षं रोज शिव्या खाल्ल्या. पुजारिणींचासुद्धा रोष घेतला. राज्याची मुख्य पुजारीण आधी राणीच्याही वर मानली जायची, तिला त्याने राणीच्या खाली आणलं. कुदाका बेटावर राजाची यात्रा जायची, मोठा लवाजमा, गावोगावच्या लोकांवर भार. ती बंद केली.

मी : आणि जपानी विद्या शिका म्हणाला, र्‍युक्यूचे लोक मूळ जपानहूनच आले असंही म्हणाला. सात्सुमाला हवं होतं तेच.

मामा : भाषा बघितलीस की तुला लगेच दिसतं. पण पुजारिणींना खाऊ घालायचं धान्य वाचलं, ते दिसत नाही.

बोलणं इथे जरा तापलं. मी त्यांना सरळच विचारलं की १६११ मध्ये कागोशिमात तुम्ही असता तर सही केली असती का.

मामा : केली असती. विचार न करता. मी असली सही केली आहे.

ही गोष्ट मी घरात अर्धीमुर्धी ऐकली होती. दुष्काळाच्या एका वर्षी मामांच्या तालुक्यात पिकांची पैसेवारी पन्नासच्या आत येत होती. तेव्हा पन्नासच्या आत आली की टंचाई जाहीर करावी लागे, सवलती द्याव्या लागत. वरून निरोप आला की आकडा पन्नासच्या वर बसवा. मामांनी बसवला.

मामा : सही केली नसती तर दुसर्‍या दिवशी बदली. माझ्या जागी येणार्‍याने सही केलीच असती, आणि वर झोपला असता. मी सही केली म्हणून त्या खुर्चीवर राहिलो. राहिलो म्हणून बत्तीस गावांना टँकर लावले, रोजगार हमीची कामं काढली, जनावरांच्या छावण्या चालवल्या. कागदावर दुष्काळ नव्हता. गावात पाणी होतं. तू मला सांग, त्या बायांना काय पाहिजे होतं, कागद की पाणी?

मी : पाणी. त्यात शंकाच नाही.

मामा : मग?

मी : पण त्या वर्षी त्या गावांत दुष्काळ नव्हता, असं आज दप्तरात आहे. दहा वर्षांनी कुणी तिथे धरण मागायला गेलं, तर त्याला तुमची सही दाखवतील.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, दाखवली. पुढे काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या त्या टँकरच्या खेपांचं मोल मला कमी करायचं नव्हतं आणि आजही करायचं नाही.

मी : मामा, माझं म्हणणं एवढंच आहे की जानाचे दोन हिशेब वेगळे ठेवा. १६०९ चा जाना धोरणात हरला. शत्रू ओळखला नाही, मित्र चुकीचा धरला, बंदराकडे तोंड करून बसला. त्याला नापास करा. पण १६११ चा प्रश्न धोरणाचा नव्हताच. तिथे त्याला कुणी विचारलं नाही की पुढे काय करायचं. विचारलं ते हे, की मागे काय होतं ते आम्ही सांगू तसं लिहून दे. आम्ही हरलो, आता तुमचे ताबेदार आहोत, असं लिहायला सांगितलं असतं तर ती वस्तुस्थिती होती. त्यांना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. प्राचीन काळापासून तुमचेच होतो, असं हवं होतं. आणि तेही देवांना साक्षी ठेवून, खोटं ठरलं तर देवांचा कोप आमच्यावर होवो, अशा शपथेवर. ज्या माणसाने चाळीस वर्षं चीनशी राज्याच्या वतीने पत्रव्यवहार केला, त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं की हे खोटं आहे? त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले कागद साक्ष होते.

मामा : एवढं बारीक त्याने पाहिलं असेल कशावरून? म्हातारा झाला होता, संतापी होता, सगळं गमावलं होतं. रागाने नाही म्हणाला असेल.

मी : असेल. राग असला तरी नकार खोटा होत नाही.

मामा : बरं. पण हे लक्षात घे. त्या खोट्यावरच राज्य पुढे टिकलं. सात्सुमाला चीनचा व्यापार पाहिजे होता, आणि चीन व्यापार करणार तो र्‍युक्यूशी, सात्सुमाशी नाही. म्हणून राजा राहिला, शुरी राहिलं, दरबार राहिला. मिंगांना वास आला होताच. १६१२ मध्ये त्यांनी सांगितलं, दमलेले दिसता, दहा वर्षं येऊ नका. मग हळूहळू, कागद पाठवत, विनवण्या करत १६३३ पर्यंत र्‍युक्यूच्या कारकुनांनी पुन्हा दर दोन वर्षांनी जायची परवानगी मिळवली. आणि पुढची दोन शतकं चिनी दूत आले की काय चालायचं, ते तूच लिहिलंयस.

मी ते लिहिलं आहे, कारण मला ते विलक्षण वाटतं. चिनी दूतमंडळ यायचं म्हणजे चारेकशे माणसं, महिनोन्‌महिने मुक्काम. ती नाहात असेपर्यंत सात्सुमाचे अधिकारी बिर्‍हाड उचलून उरासोएजवळच्या गुसुकुमा गावात जाऊन राहत. जपानी नाणी, जपानी पुस्तकं नजरेआड केली जात. बंदरात जपानी जहाज दिसलंच तर सांगायचं, शेजारच्या तोकारा बेटांवरचं आहे. जहाजावरच्या लोकांना तर प्रश्नोत्तरं लिहून दिलेली असत : चीनमध्ये कुणी अमुक विचारलं तर तमुक सांगा. हे सगळं अधिकार्‍यांनी चोख सांभाळलं, पिढ्यान्‌पिढ्या.

मामा : मग हे खोटं तुला चालतं आणि शपथपत्राचं चालत नाही?

मी : दोन्ही वेगळी आहेत. चिनी दूतांपुढे जे केलं ते करणार्‍या प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण लपवतो आहोत. पाहुणा गेला की नाणी पुन्हा बाहेर यायची. घरात खरं काय ते माहीत होतं. शपथपत्रातलं खोटं घरातल्यांसाठी होतं. मुलांना, नातवंडांना बांधणारं. आणि ते घरात शिरलं कसं ते पाहा. १६५० मध्ये राजाच्या आज्ञेवरून राज्याचा पहिला इतिहास लिहिला गेला, ‘चुझान सेईकान’. लिहिणारा कोण?

मामा : हानेजी. माहीत आहे.

मी : तेव्हा तो प्रधान नव्हता, तेहेतीस वर्षांचा होता. त्याने लिहिलं की सात्सुमाची सेवा करण्याचं कर्तव्य राजाने सोडलं, कारण एका दुष्ट मंत्र्याचं ऐकलं. दुष्ट मंत्री म्हणजे जाना. कागोशिमात ज्या वाक्यावर सही करायला नकार दिला म्हणून त्याची मान गेली, तेच वाक्य एकोणचाळीस वर्षांनी त्याच्या देशाच्या पहिल्या इतिहासात, देशाच्याच माणसाच्या हाताने लिहून आलं. आणि त्याला पुरावा म्हणून जानाचाच अपराध.

मामा : सात्सुमा वाचणार होतं ते पुस्तक.

मी : हो.

मामा : राजाला दोषातून सोडवायचं होतं. शो नेईने फार भोगलं होतं. परत आल्यावर नऊ वर्षांनी गेला, तर राजघराण्याच्या शुरीतल्या थडग्यात न ठेवता त्याला उरासोएला ठेवलं. त्याच्यानंतरच्या राजांना गादी टिकवायची होती. कुणाला तरी वाईट ठरवल्याशिवाय तो हिशेब जुळत नव्हता. मेलेला माणूस, कुमेमुराचा, दरबारी घराण्यांतला नव्हे. मी असतो तर मलाही हाच सुचला असता.

मी : म्हणूनच तुमच्याकडून ऐकायचं होतं. आणि कुमेमुराचं पुढे काय झालं बघा. सानशिकानच्या खुर्चीवर त्या वस्तीतला दुसरा माणूस बसला तो थेट १७२८ मध्ये, साई ओन. मध्ये सव्वाशे वर्षांच्या आसपास गेली.

मामा : आणि त्या साई ओनने हानेजीचंच काम पुढे नेलं. जंगलं राखली, नद्यांना बांध घातले, शेती सुधारली. सात्सुमाशी जमवून घेऊन. तुझ्या जानाच्या गावचा माणूस माझ्या माणसाच्या वाटेने गेला.

मी : गेला. त्याच्याबद्दल मला आदरच आहे.

मामांना हे अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी मला अडचणीत आणणारा मुद्दा काढला, आणि तो मला मानावा लागला : जानाचे दोन हिशेब वेगळे करतेस, तर हानेजीचेही कर. १६५० चा इतिहासकार एक आणि १६६६ चा कारभारी दुसरा. कारभार्‍याला इतिहासकाराच्या पापाची शिक्षा देऊ नकोस.

मी : मान्य. कारभारी हानेजीबद्दल मी एका परिच्छेदाऐवजी दोन पानं लिहीन. वेठीचं आणि पडीक जमिनीचं सगळं लिहीन. लोकांनी त्याचा मान राखलाच आहे. १९१६ मध्ये इहा फुयू आणि माजिकिना आन्को यांनी र्‍युक्यूच्या पाच थोर पुरुषांवर पुस्तक काढलं, त्यात हानेजी आहे, साई ओन आहे. जाना नाही.

मामा : बघ. ओकिनावाच्याच अभ्यासकांनी निवडलं.

मी : त्या पाचांपैकी प्रत्येकाने काही ना काही उभं केलं होतं. रताळं घराघरांत पोचवणारा गिमा शिंजो आहे त्यात. त्याच्या शेजारी जानाला बसवा असं मी म्हणत नाही. त्याने काही उभं केलं नाही. नाहाच्या वाकासा भागात एका बागेत त्याच्या नावाचा दगड आहे, आणि लोककथेत तो उकळत्या तेलाच्या कढईत मारेकर्‍यांना घेऊन उडी मारतो. कथा खरी नाही, पण ती सांगणार्‍यांनी त्याला दुष्ट मंत्री मानलं नव्हतं, एवढं तिच्यावरून कळतं. पुस्तकात काय लिहिलंय ते ठाऊक असूनही मानलं नव्हतं.

मामा : मग तुला हानेजीकडून नेमकं काय हवं होतं? सात्सुमाच्या नाकावर टिच्चून लिहायला हवं होतं त्याने, की जाना खरा होता? दुसर्‍या दिवशी पुस्तक जळालं असतं आणि हाही गेला असता. मग वेठ कुणी कमी केली असती?

मी : नाही. तेवढं मागत नाही. लिहायचं, की फौज आली, किल्ला पडला, राजा गेला आणि परत आला, जाना परत आला नाही. एवढंच. यातलं एकही वाक्य सात्सुमाला खुपलं नसतं. ‘दुष्ट’ हा शब्द त्याने आपण होऊन घातला, की घालायला लावला, की सगळेच म्हणत होते म्हणून आला, मला तेवढं विचारायचंय त्याला. तुम्ही टिपणं लिहिलीत आयुष्यभर. असा शब्द गाळता येतो का, मामा? वरच्यांच्या लक्षात येऊ न देता?

मामा : येतो. पण वरचे फक्त आहे तेवढं वाचत नाहीत. काय असायला हवं होतं आणि नाही, हेही वाचतात. चांगला साहेब असेल तर आधी तेच वाचतो.

मी : मग गाळला म्हणून काय झालं असतं?

मामा : विचारलं असतं, इथे एक शब्द कमी आहे. आणि त्याला तोंडी उत्तर द्यावं लागलं असतं. तोंडी उत्तर देताना माणूस एकटा असतो, तुझ्या जानासारखा. ते तुझ्या लेखात घाल. हानेजीला नावं ठेवायची तर ठेव, पण त्या खोलीत कोण कोण बसलेलं होतं, तेही लिही.